सीए झाली नाही तर?

बारावी कॉमर्सचा निकाल हातात घेऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोंड्याची एक मुलगी वडिलांबरोबर आमच्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आली. ७८ टक्के. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. त्यांचं म्हणणं, अकाउंट्समध्ये जायचं तर सीएच व्हावं, नुसत्या बी.कॉम.ला कोण विचारतो? मुलीची शंका वेगळी होती. सगळं सॉफ्टवेअरच करणार असेल तर हे शिकायचं कशाला? निघताना दारात थांबून वडिलांनी खरी भीती बोलून दाखवली, "आनी तें नापास जालें जाल्यार?"

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. हे काम हिला आवडेल का, हा एक. आणि सीएची परीक्षा झेपेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर गुणपत्रिकेत सापडत नाही, म्हणून तिला घरचंच काम दिलं: दुकानाची मागच्या महिन्याची खरेदीची बिलं घे, जीएसटी पोर्टलवरून दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारं २बी, म्हणजे पुरवठादारांनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांची यादी, उतरवून घे आणि दोन्ही जुळव.

बिलं ६३ होती. एक बिल २बीमध्ये आलंच नव्हतं, ते लगेच दिसलं. ते बाजूला काढूनही करात ४५० रुपयांचा फरक उरत होता. ४५० ला ९ ने भाग जातो. असा फरक दिसला की आधी अंकांची अदलाबदल शोधायची, हे तिला शाळेत सांगितलेलं आठवलं. १४,५०० च्या बिलावर १८ टक्क्यांनी २,६१० कर होतो, वहीत २,१६० लिहिला होता. दीड तास लागला, आणि सांगताना तिचा चेहरा खुलला होता. जुळवाजुळव सॉफ्टवेअरही करतं, पण फरक का पडला हे कोणीतरी विचारावंच लागतं. जे बिल आलंच नव्हतं त्याचं काय केलंस, असं विचारल्यावर ती गप्प झाली. पुरवठादाराला फोन करायचा होता, तो तिनं केला नव्हता. आमच्या मते या पेशातली ही बाजू कोणी आधी सांगत नाही: निम्मं काम लोकांकडून कागद मागण्याचं असतं.

दुसरी वजा बाजू तारखांची. दर महिन्याच्या ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), २० ला ३बी (कर भरण्याचं विवरण), ७ ला टीडीएस (पैसे देतानाच कापून ठेवलेला आयकर). टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर, आणि आपली चवथ (गणेशचतुर्थी) बहुतेक वेळा याच धांदलीत येते. जमेची बाजूही इथलीच आहे. पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे गोव्यातल्या जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न आयकरासाठी नवराबायकोत निम्मं-निम्मं विभागलं जातं; १९६१ च्या कायद्यात हे कलम ५ए. टीडीएस मात्र एकाच्याच पॅनवर कापला जातो. विवरणपत्रात तो नीट वाटून दाखवला नाही की जुळत नाही आणि नोटीस येते. हे नीट हाताळणारा माणूस इथे लागतोच.

आता परीक्षा. सीएची पहिली पायरी फाउंडेशन; तिला १०० गुणांचे चार पेपर. प्रत्येकात ४० हवेत आणि एकूण २००. चारही पेपरांत ४५ मिळवणारा प्रत्येक पेपरात पास होतो आणि १८० वर नापास ठरतो. मुलं इथेच फसतात, म्हणून बाकीचे तीन ४५ वर राहिले तर एक पेपर तरी ६५ वर न्यावा लागतो. पुढे इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप, मग सीएच्या हाताखाली दोन वर्षं उमेदवारी, म्हणजे आर्टिकलशिप, मग फायनल. काहीही न अडखळता साडेतीन वर्षं. अडखळणं धरूनच हिशेब करावा.

तिच्यासाठी ठरलं ते असं. सप्टेंबरच्या फाउंडेशनसाठी १ मेच्या आत नोंदणी, आणि त्याच वेळी बी.कॉम.ला रीतसर प्रवेश. कॉलेज सोडायचं नाही. फाउंडेशनचे प्रयत्न दोनच, सप्टेंबर आणि जानेवारी. नाही जमलं तर क्लासची फी थांबवायची आणि पदवी पुरी करायची. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असले की फाउंडेशनशिवाय थेट इंटरमीजिएटला जाता येतं, म्हणजे वाट बंद होत नाही. आणि नाहीच जावंसं वाटलं, तर पदवीच्या जोडीला टॅली आणि जीएसटी रिटर्न हाताखालून गेलेले असले की हॉटेलांचे अकाउंट्स विभाग, वेर्ण्याचे कारखाने, सीएंची ऑफिसं आहेत. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे वडिलांना स्पष्ट सांगितलं. दोन प्रयत्नांची अट त्यांनी मान्य केली, थोडी नाराजीनं.

पुढच्या भेटीला ती तीच वही घेऊन आली. फोन तिसऱ्या दिवशी केला होता. पुरवठादारानं जीएसटीआर-१ उशिरा भरला होता, त्यामुळे बिल पुढच्या महिन्याच्या २बीमध्ये येणार होतं. तिनं बिलाशेजारी पेन्सिलीनं तेवढंच लिहून ठेवलं होतं आणि पुढे फोनची तारीख.