इटालियन आडनावांत एवढे प्राणी कुठून आले? लुपो म्हणजे लांडगा, तर त्यांचे पूर्वज तसे क्रूर होते का?

क्रूर असतीलही, पण आडनावावरून ते कळणार नाही.

मिलानला नोकरीत होतो तेव्हा आमच्या मजल्यावर तिघे कोलोंबो होते, एकमेकांच्या नात्यातले नव्हेत. कोलोंबो म्हणजे कबुतर. कुणाचा तरी खापरपणजोबा गरीब स्वभावाचा असणार, असं मी तुमच्यासारखंच धरून चाललो होतो. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यातल्याच एकाने वेगळंच सांगितलं. मिलानचं ओस्पेदाले माज्जोरे हे रुग्णालय 1456 साली मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्त्सा याने स्थापलं आणि त्याच्या चिन्हावर कबुतर आहे. टाकून दिलेली तान्ही मुलं तिथे आश्रयाला येत. त्यांच्या बापाचा पत्ता नसे, म्हणून सरसकट कोलोंबो लावत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होतं. अर्थात सगळे कोलोंबो अशा मुलांचे वंशज नव्हेत. कबुतर हे पवित्र आत्म्याचं प्रतीक, त्यामुळे मध्ययुगात मुलाचं नावही कोलोंबो ठेवत.

लुपोचं तेच. लुपो, लेओने (सिंह), ओर्सो (अस्वल) ही चक्क बारशाची नावं होती. रोमचं ओर्सिनी घराणं ओर्सो नावाच्या पूर्वजावरून ओळखलं जाऊ लागलं. मग लोकांनी त्या अस्वलाला सोडलं नाही. याच घराण्यातले तिसरे निकोलस 1277 ते 1280 पोप होते. इटालियन कवी दांतेने आपल्या महाकाव्यात त्यांना नरकात डोकं खाली, पाय वर करून खड्ड्यात कोंबलंय, तळपाय जळतायत. ते स्वतःच म्हणतात, मी अस्वलीचा पोर, पिल्लांचं (म्हणजे घराण्यातल्यांचं) भलं करायच्या हावेपायी तिकडे पृथ्वीवर पैसा खिशात घातला आणि इथे स्वतःलाच. (वशिलेबाजीवर इतका झणझणीत टोमणा मी दुसरा वाचलेला नाही.)

खरी टोपणनावंही आहेतच. फ्लोरेन्सचा चित्रकार पाओलो दी दोनो आज पाओलो उच्चेल्लो म्हणून ओळखला जातो. उच्चेल्लो म्हणजे पक्षी. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी लिहितो की खरे प्राणी पाळायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने घरभर त्यांची चित्रं काढून ठेवली होती, आणि जीव सगळ्यात जास्त पक्ष्यांवर. इतकं स्वच्छ कारण सहसा मिळत नाही. वोल्पे (खोकड) हा कावेबाज होता की नुसते केस तांबडे होते? ग्रिल्लो (रातकिडा) बडबड्या होता का? कागदावर फक्त शब्द उरलाय. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि लग्नांच्या नोंदी ठेवणं पाद्र्यांना सक्तीचं केलं. गावाने थट्टेत ठेवलेलं नाव एकदा त्या वहीत चढलं की नातवंडांनाही ते पुसता येईना.

काहींत प्राणी असतो, पण तो माणसाला दिलेला नसतो. स्क्वारचालूपी म्हणजे लांडगे फाडणारा, थोडक्यात त्यांचे वाघमारे.

आणखी एक गंमत. दक्षिणेत बहुधा एकवचन, गात्तो (बोका), वोल्पे. उत्तरेत आणि तोस्कानात अनेकवचन, गात्ती, वोल्पी. सिसिलीत पुढे 'लो' लागतो, लो बुए म्हणजे 'तो बैल'. तुम्हाला भेटलेला लुपो आहे की लुपी, तेवढं विचारा. आजोळ कुठलं ते नाही, पण घराणं साधारण कुठल्या बाजूचं याचा अंदाज बांधता येईल.