अ‍ॅक्रिलिकमध्ये हिरवा ट्यूबमधून नको, मिसळून घ्या

अ‍ॅक्रिलिक रंगांत नुकतीच सुरुवात केलीय आणि पावसाळ्यातला सह्याद्री रंगवायचाय, असं तुम्ही लिहिलंत. छान सुरुवात केलीत, नक्की जमेल, फक्त आधी रंग कमी करा. रंगांचा मोठा सेट बाजूला ठेवा आणि टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, लेमन यलो, क्रिम्सन (गडद लाल), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढ्यावरच महिनाभर काम करा.

सगळ्यात जास्त गडबड हिरव्यात होते. ट्यूबमधला हिरवा तसाच फासला की झाडं प्लास्टिकची वाटतात, म्हणून स्वतः बनवा, पिवळ्यात निळा अगदी थोडा थोडा घालत जा (उलटं केलंत तर पिवळ्याची ट्यूब संपेल तरी रंग गडदच राहील), आणि भडक झाला तर किंचित बर्न्ट सिएना टाका, लगेच मवाळ होतो. लांबच्या डोंगरांना त्याच हिरव्यात निळा आणि पांढरा वाढवायचा.

नेहमीच्या चुका:
- सावलीला थेट काळा वापरणं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, कितीतरी जिवंत गडद मिळतो.
- ओला रंग बघून शेड ठरवणं. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या.
- पॅलेटवरच रंग सुकणं. ओल्या टिश्यूवर बटर पेपर ठेवून त्यावर काढा.

ग्लेझिंग (पातळ पारदर्शक थर देणं), मिडियम (रंगात मिसळायचं द्रव्य) वगैरे आत्ता नकोच. आज नुसते हिरव्याचे आठ-दहा पट्टे काढा, प्रत्येकाखाली काय मिसळलं ते लिहा आणि इथे दाखवा.