खाडीच्या गाळातले सूत्रकृमी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (कराड, महाविद्यालयीन विद्यार्थिनी) : सहलीत दाभोळ खाडीतला काळा चिखल बाटलीत भरून आणला. दुसऱ्या दिवशी नळाच्या पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर चार-दोन पांढरे, निपचित दोरे दिसले. हे कोण? जिवंत कसे पाहायचे आणि मोजायचे कसे?

उत्तर : अंग गुळगुळीत, वळ्या नाहीत, दोन्ही टोकं निमुळती आणि लांबी मिलिमीटरभर असेल, तर ते सूत्रकृमीच. जिवंत असते तर लगेच ओळखू आले असते. त्यांच्या अंगात फक्त उभे स्नायू असतात, त्यामुळे गांडुळासारखं आखडता-लांबता येत नाही. नुसते चाबकासारखे फटकारे मारतात.

ते मेले दोन कारणांनी. बंद बाटलीतल्या चिखलातला प्राणवायू जीवाणू काही तासांत संपवतात, घाटातल्या उन्हात तर त्याहून लवकर. त्यातून जे वाचले, ते नळाच्या गोड्या पाण्यात फुगून गेले. पुढच्या वेळी वरचा फक्त एक-दोन सेंटिमीटर गाळ घ्या, कारण बहुतेक कृमी तिथेच असतात. पसरट डब्यात पातळ थर ठेवा, डबा सावलीत आणि गार राहू द्या. खाडीचंच पाणी गाळून सोबत आणा आणि त्याच दिवशी पाहा.

मोजायचं असेल तर ओहोटीला जा. 20 मिलीच्या सिरिंजचं तोंड कापून सरळ नळी करा आणि तिचा आतला व्यास मोजून ठेवा. व्यास 2 सेंटिमीटर असेल, तर क्षेत्रफळ 3.14 चौरस सेंटिमीटर. नळी 5 सेंटिमीटर आत घाला, दट्ट्याने गाळ बाहेर ढकलत 0–1, 1–2 आणि 2–5 असे तीन थर कापा. एका जागेचे निदान तीन नमुने हवेत. हाताच्या अंतरावरही संख्या दुप्पट-निमपट होते. थर लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाका : बाजारातलं फॉर्मॅलिन 1 भाग, गाळलेलं खाडीचं पाणी 9 भाग. हातमोजे घाला आणि हे काम उघड्यावरच करा. लिटरमागे अर्धा ग्रॅम रोझ बेंगाल रंग घालून दोन दिवस ठेवलं की कृमी गुलाबी होतात, गाळातून चटकन उठून दिसतात.

यानंतर नळाचं पाणी चालेल. नमुना आधी 500 मायक्रॉनच्या चाळणीतून आणि मग 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा. वरच्या चाळणीत शिंपले, काड्या अडकतात. चिकणमाती खालून निघून जाते. ही धुलाई अर्धवट राहिली की पुढचं सगळं बिघडतं, माती आणि कृमी एकत्रच तरंगतात. उरलेला गाळ साखरेच्या पाण्यात ढवळा. एक लिटर द्रावणात 480 ग्रॅम साखर असली की घनता 1.18 च्या आसपास येते : वाळू बसते, कृमी वर राहतात. अर्ध्या तासाने वरचं पाणी 63 च्या चाळणीवर ओता आणि कृमी लगेच साध्या पाण्याने धुवा, नाहीतर साखरेने आकसतात. असं तीनदा करा. प्रयोगशाळेत साखरेऐवजी लुडॉक्स (सिलिकाच्या अतिबारीक कणांचं जड द्रावण) वापरतात, पण नमुन्यात मीठ राहिलं तर लुडॉक्सचा गोळा होतो. तिथेही आधीची धुलाई चुकवू नका.

खाडीच्या चिखलात चौरस मीटरला दहा लाख सूत्रकृमी ही नेहमीची गोष्ट आहे. तुमच्या नळीत तीनशे सापडले, तर साधारण तेवढेच झाले.

प्रश्न (सांगली, हळद उत्पादक) : आमच्याकडे सूत्रकृमी म्हटलं की मुळांवर गाठी. खाडीतले तेच का?

उत्तर : दोन्ही सूत्रकृमीच, पण धंदा वेगळा. गाठी करणाऱ्या मेलॉयडोगायनीच्या तोंडात पोकळ सुई असते. ती मुळाच्या पेशीत खुपसून हा कृमी रस ओढतो. खाडीतल्यांची तोंडं 400 पट मोठी करून पाहा. काहींचं तोंड म्हणजे नुसतं बारीक भोक, ते जीवाणू गिळतात. काहींचा मुखकोश मोठा, पण दात नाहीत. ते बारीक गाळासकट मिळेल ते आत घेतात. काहींना लहानसा दात असतो, त्याने ते डायटम शेवाळाचं कवच फोडतात किंवा कण खरवडतात. चौथ्यांचे दात मोठे. ते इतर कृमी खातात. वोल्फगांग वीझर यांनी 1953 मध्ये केलेले हे चार गट आजही वापरात आहेत. हळदीच्या मातीतही जीवाणू आणि बुरशीवर जगणाऱ्या निरुपद्रवी जाती भरपूर असतात, म्हणून माती तपासणीच्या अहवालात एकूण आकडा पाहून औषध ओतू नका. पिकावर जगणारे किती, हे वेगळं लिहून मागा.

प्रश्न (पाटण) : कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला जातं. त्याचा खाडीतल्या या जीवांवर परिणाम होत असेल का?

उत्तर : पोफळी, कोळकेवाडी इथल्या वीजकेंद्रांतून ते पाणी चिपळूणजवळ वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळला समुद्राला मिळतं. एरवी पावसाळा सरला की पश्चिम घाटातल्या नद्या आटतात आणि खारं पाणी खाडीत वर चढतं. इथे बाराही महिने गोडं पाणी येत असल्याने मचूळ पट्टा खाली, समुद्राकडे सरकतो. समुद्राकडून वर येताना सूत्रकृमींच्या जाती सहसा कमी होत जातात, गोड्या पाण्याच्या तोंडाशी मोजक्याच चिवट जाती उरतात. मात्र प्रत्येक फरक क्षारतेच्या माथी मारू नका. टर्शेलिंजिया, सॅबॅटिएरिया या सूत्रकृमींची गर्दी दिसली, तर आधी गाळाचा वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आणि वरपासूनच काळा रंग म्हणजे प्राणवायू संपलेला, आणि या दोघी तिथे तग धरतात. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत तीन नोंदी हव्यात : गाळातल्या पाण्याची क्षारता, काळा थर किती खोलीवर सुरू होतो ते, आणि गाळात वाळू किती.