नवीन प्रजाती तयार होण्याच्या क्रियेला शास्त्रीय भाषेत काय म्हणतात? उत्क्रांती म्हणजे तेच का?

जातिउद्भव. इंग्रजीतला शब्द स्पेसिएशन; तो १९०६ मध्ये ओरेटर कुक या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने वापरात आणला. परीक्षेपुरतं उत्तर हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. (तुम्ही 'प्रजाती' लिहिलंय, पण शालेय पुस्तकांत प्रजाती ही जातीच्या वरची पायरी असते. म्हणून प्रजातिउद्भव नव्हे, जातिउद्भव.)

आता दुसरा प्रश्न. उत्क्रांती आणि जातिउद्भव एकच नाहीत. एखादी जात हजारो पिढ्या बदलत राहील आणि तरी एकच राहील. जातिउद्भव होतो तो फाटा फुटल्यावर: दोन गटांत जननक्षम संतती होणं बंद पडलं की. घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं, पण ते जवळपास नेहमीच वांझ, म्हणून त्या दोन जाती वेगळ्या.

फाटा फुटतो बहुधा मध्ये काहीतरी आडवं आल्यामुळे. पनामाची भूपट्टी सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी वर आली आणि एका समुद्राचे दोन झाले. दोन्हीकडच्या, नांगी वाजवणाऱ्या कोळंबीच्या नर-माद्या शास्त्रज्ञांनी एकत्र ठेवून पाहिल्या, तर जोड्या जमायच्या सोडून बहुतेक भांडायलाच उठल्या.

पण माझं आवडतं उदाहरण आडकाठीशिवायचं आहे. उत्तर अमेरिकेतली एक फळमाशी हॉथॉर्न नावाच्या झाडाच्या फळांत अंडी घालायची. युरोपातून आलेल्या लोकांनी तिथे सफरचंद लावलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काही माश्या त्यावर गेल्या. या माश्यांचं मीलन फळावरच होतं, शिवाय सफरचंद आधी पिकतं. त्यामुळे झाडं शेजारीशेजारी असूनही दोन गटांची गाठ कमीच पडते. थोडा संकर अजून होतो, म्हणून त्यांना कोणी दोन जाती म्हणत नाही. फाटा अर्धवट फुटलेला असा डोळ्यांदेखत क्वचितच सापडतो.

वनस्पतींना एवढी वाटही पाहावी लागत नाही. ट्रॅगोपोगॉन नावाच्या फुलझाडाच्या, युरोपातून अमेरिकेत आलेल्या तीन जातींचे आपसात संकर झाले, गुणसूत्रं १२ ची २४ झाली, आणि १९५० मध्ये दोन नव्या जातींची नोंद झाली. मूळ जातींशी त्यांचं आता जमत नाही, आपापल्या जातीत मात्र बी धरतं.