'जीवन' × 'मृत्यू': जोडी चुकली आहे

एका वाचक आईचा प्रश्न आहे. मुलीने चाचणीत 'मृत्यू'चा विरुद्धार्थी शब्द 'जन्म' लिहिला, तो खोडून बाईंनी 'जीवन' केलं. बरोबर काय? शिवाय, जीवन आणि मृत्यू हे एकमेकांच्या विरुद्ध असून एकमेकांतूनच उत्पन्न होतात असं सॉक्रेटिस म्हणाला, असं त्यांनी वाचलं. हे कसं शक्य आहे, आणि आपल्याकडे असं कुणी म्हटलं आहे का?

मुलगी बरोबर आहे. मृत्यू ही घटना आहे, तिला वेळ असते: पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी मृत्यू झाला. जन्मही तसाच, वेळ टिपून पत्रिका मांडता येते. 'सहा वाजून दहा मिनिटांनी जीवन झालं' असं मराठीत कुणी म्हणत नाही, कारण जीवन हा दोन घटनांमधला पल्ला आहे. पल्ल्यासमोर क्षण उभा करून त्याला विरुद्धार्थी म्हणणं म्हणजे 'प्रवास'चा विरुद्धार्थी शब्द 'पोहोचणे' असं शिकवणं. अवस्थाच हव्या असतील तर 'जिवंत' आणि 'मृत' घ्या, नाहीतर आपली म्हण घ्या: जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तिथे जित्यासमोर मेला उभा आहे. म्हण करणाऱ्याला व्याकरण शिकवायला कुणी गेलं नव्हतं.

या चुकीच्या जोडीमुळेच रोज बातम्यांत 'जखमींची जीवन-मृत्यूशी झुंज' ऐकावी लागते. जखमी माणूस झुंजतो तो मृत्यूशी. जीवनाशी तो कशाला झुंजेल? ते तर त्याला हवं आहे! 'मृत्यूशी झुंज' एवढं पुरे. संस्कृतात दाखला हवा तर बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना आठवा. असत् आणि सत्, तम आणि ज्योती, आणि तिसरी जोडी मृत्यू आणि अमृत. मृत्यूसमोर तिथे 'जीवन' ठेवलेलं नाही.

मृत्यूचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 'मयत' हा 'मृत'चा अपभ्रंश आहे असं ठासून सांगणारे भेटतात. ते चूक आहे. 'मयत' अरबी आहे, 'मौत'ही अरबी. आवाज जुळतो, नातं नाही. नातं आहे ते 'मुडदा'शी. तो फारसी 'मुर्दा'वरून आला, आणि 'मुर्दा' व 'मृत' ही एकाच जुन्या घराण्यातली भावंडं. आपलं 'मढं'ही 'मृत'वरूनच, प्राकृतातून झिजून आलेलं. म्हणजे मढं आणि मुडदा वेगवेगळ्या वाटांनी येऊन मराठीत पुन्हा भेटले.

आता सॉक्रेटिस. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात, विष प्यायच्या दिवशी तुरुंगात तो हे बोलतो, आणि शब्द फार नेमके वापरतो. जागं असणं आणि झोपेत असणं या दोन अवस्था. झोप लागणं आणि जाग येणं या त्यांच्यामधल्या दोन वाटा. तसंच जिवंत असणं आणि मेलेलं असणं या अवस्था, मरणं ही एक वाट. मग परतीची वाट नसेल का? ती नसती तर सगळं एका बाजूला साचून अखेर सारंच मेलेलं राहिलं असतं, असं तो म्हणतो. त्या परतीच्या वाटेला ग्रीकमध्ये क्रियापद आहे, 'आनाबिओस्केस्थाइ', पुन्हा जिवंत होणं. युक्तिवाद पटो न पटो, अवस्था आणि घटना यांची गल्लत त्याने केलेली नाही. ती आपण भाषांतरात करतो.

आपल्याकडे हे कुणी म्हटलं आहे का? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे: 'जातस्य हि ध्रुवो मृत्युर्ध्रुवं जन्म मृतस्य च'. पाहा, जन्म आणि मृत्यू! पण मला सांगायचं आहे ते ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये त्यावर काय केलं ते. 'उपजे तें नाशे । नाशलें पुनरपि दिसे', आणि हे घटिकायंत्रासारखं 'परिभ्रमे' म्हणतात ते.

हे घटिकायंत्र म्हणजे काय? प्रवचनांत मी अनेकदा 'घड्याळ' असा अर्थ ऐकला आहे, आणि तो मला मुळीच मान्य नाही. आपलं जुनं घड्याळ म्हणजे घटिकापात्र: बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, घंगाळातल्या पाण्यावर सोडलेली. चोवीस मिनिटांत ती भरते आणि बुडते, ती एक घटका. बुडाली की माणसाने हात घालून ती काढायची, रिकामी करून पुन्हा सोडायची. यात काय परिभ्रमण करतं? काहीच नाही. 'परिभ्रमे' हे क्रियापद डोळ्यांसमोर असताना घड्याळ म्हणणाऱ्यांनी ओवी पुरी वाचलेलीच नाही.

घटी म्हणजे लहान घट, गाडगं. संस्कृतात 'घटीयंत्र' म्हणजे रहाट. आणि 'रहाट' हा शब्दच पाहा: 'अरघट्ट', प्राकृतात 'अरहट्ट', मग 'रहाट'. त्यातला 'अर' म्हणजे चाकाचा आरा. ज्ञानदेवांचं यंत्र हे आहे. चौलच्या वाडीत लहानपणी मी विहिरीच्या काठावर पोटावर पालथा पडून ते पाहायचो. बैल गोल फिरायचा, गाडग्यांची माळ एका बाजूने रिकामी, तोंड खाली करून अंधारात उतरायची, दुसऱ्या बाजूने भरून वर यायची, पन्हळीत ओतली जायची आणि पुन्हा उलटी होऊन खाली. एखादं गाडगं कुठे 'नाहीसं' झालं आणि कुठून 'पुन्हा दिसलं' हे तिथे समजावून सांगावं लागत नाही. 'पुनरपि दिसे' हे शब्द अशा विहिरीत वाकून पाहिलेल्या माणसाचे आहेत, असं माझं ठाम मत आहे.

आणि त्या गाडग्यातून वर काय येतं? पाणी. अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या समानार्थी शब्दांच्या कोशात, पाण्याच्या नावांत ही ओळ आहे: 'पयः कीलालममृतं जीवनं भुवनं वनम्'. अमृत आणि जीवन शेजारी शेजारी, दोन्हींचा अर्थ पाणी. 'महाराष्ट्र जीवन प्राधिकरण' लोकांना पाणी पुरवतं ते याच अर्थाने. रहाटाचं गाडगं भरून वर येतं म्हणजे अक्षरशः जीवन घेऊन येतं.

उलट 'त्याची घटका भरली' म्हणजे तो मेला. इथे घटिकापात्र आहे: वाटी भरली की बुडाली. घट तोच, त्यात शिरणारं पाणी तेच. घड्याळातली घटी भरते तेव्हा मरण, रहाटातली भरते तेव्हा जीवन. वाचक बाई, परस्परविरुद्ध गोष्टी एकमेकींतून कशा निघतात असं तुम्ही विचारलंत, मला तर ते या एका शब्दात दिसतं.

उत्तरपत्रिकेचं राहिलंच. बाईंना 'जन्म झाला', 'मृत्यू झाला' आणि 'जीवन झालं' ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहून दाखवा आणि मुलीचा गुण परत मागून घ्या.