आधी आकडा वाचायला शीक

प्रिय मुली,

गिरणगावातल्या मटक्यावर, म्हणजे आकड्यांच्या जुगारावर लिहिताना तू सुरुवात तो चालवणाऱ्या कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्यापासून केली आहेस. ती पानं तूर्त बाजूला ठेव. आधी एका दिवसाचा हा निकाल वाच: ३६८-७२-१२९.

डावीकडे ओपनची, म्हणजे पहिल्या सोडतीची पत्ती: काढलेल्या तीन पत्त्यांचे अंक, चढत्या क्रमाने. ३, ६, ८ ची बेरीज १७, शेवटचा अंक ७, तो ओपन. उजवीकडे दुसऱ्या सोडतीची पत्ती. १, २, ९ ची बेरीज १२, म्हणून क्लोज २. मधली ७२ ही जोडी. राजा, राणी, गुलाम बाद. दश्शी म्हणजे शून्य, म्हणून पत्तीत ते शेवटी येतं. १९० लिहितात, ०१९ नाही. इथे चुकलीस तर जुना खेळणारा पुढचं वाचणारच नाही.

आता सांग, पत्त्यांतून निघालेल्या आकड्याला ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ कशाला? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते-बंद भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत यायचे, त्यांवर पैसे लागायचे. १९६१ मध्ये ते थांबलं. मग १९६२ मध्ये भगत यांचा आणि १९६४ मध्ये खत्री यांचा मटका सुरू झाला. कापूस गेला, त्याची भाषा राहिली. मडक्यातल्या चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले, तरी नाव मटकाच!

हिशेबाकडे ये. एका अंकाला रुपयाला ९, जोडीला ९० असा रूढ भाव. शक्यता दहात एक, शंभरात एक. म्हणजे १०० रुपयांमागे सरासरी १० बुकीचे. फार वाटत नाहीत ना? हातात आलेलं पुन्हा लावत गेलं, तर १०० चे ९०, मग ८१, दहाव्या खेपेला सरासरी ३५. रोज ओपन-क्लोज दोन्ही खेळणाऱ्याचे हे पाच दिवस. तेही पत्ते सचोटीने काढले तर.

पत्त्या एकूण २२०: १२० सिंगल (तिन्ही अंक वेगळे), ९० डबल (दोन सारखे), १० ट्रिपल (तिन्ही सारखे). शक्यता सरसकट २२० त एक धरू नकोस. सिंगल पत्तीचे अंक सहा क्रमांनी येऊ शकतात, डबलचे तीन, ट्रिपलचे एकाच. भावातला फरक त्यातूनच येतो.

कायद्याचं प्रकरण थोडक्यात उरक. फक्त १८८७ चा जुगारबंदी कायदा आणि १९६९ ची राज्य लॉटरी एकाच पानावर ठेव. १९८२ च्या गिरणी संपाला मात्र जागा दे, कारण पगार थांबला की रोज आकड्यावर लावले जाणारे पैसेही आटतात.

आणि चाळीत गेलीस की ‘किती हरलात?’ विचारू नकोस. ‘कुठला अंक लावायचात?’ विचार. स्वप्नं, बुवा-बाबांच्या खुणा, गाड्यांचे नंबर, सगळं आपोआप निघेल.