ठासणीची बंदूक, एकच बार आणि थंडीतला बक : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणांच्या सीझनबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले आणि बहुतेक सगळे मझलोडरवरच, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायच्या बंदुकीवर. सगळे छापता येत नाहीत, जे पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

दादा नमस्कार, मी ओहायोत असतो. ऑफिसातल्या मित्राबरोबर गन सीझनला गेलो होतो पण बक, म्हणजे शिंगवाला नर, काही दिसला नाही. आता जानेवारीतला मझलोडर सीझन फक्त चार दिवसांचा. तोपर्यंत मोठे बक उरतात तरी का? आणि शोधायचे कुठे?

उरतात हो, नक्की उरतात, फक्त त्यांचं वागणं पार बदललेलं असतं आणि लोक नोव्हेंबरच्याच जागी जाऊन बसतात म्हणून दिसत नाहीत. नोव्हेंबरात रट, म्हणजे हरणांच्या माजाचा काळ, असतो तेव्हा बक माद्यांच्या मागे दिवसाढवळ्या पळतो, खाण्याकडे लक्ष नसतं, त्या काळात वजनाचा पाचवा-चौथा हिस्सासुद्धा उतरतो. नंतर अंगावर चरबी नाही आणि थंडी तर वाढतेय, मग त्याला एकच काम उरतं ते म्हणजे पोट भरणं. त्यामुळे रब (झाडाला शिंगं घासल्याच्या खुणा) आणि स्क्रेपच्या (खुरांनी जमीन उकरल्याच्या खुणा) मागे लागू नका, खाणं शोधा. उभा राहिलेला मका, कापणीनंतर सांडलेलं सोयाबीन, ओकखाली बर्फात उकरलेल्या जागा. तिथून जवळ, दाट सीडर-पाइनमध्ये किंवा दक्षिणेकडे उतरणाऱ्या ऊन लागणाऱ्या उतारावर तो दिवसभर बसून असतो.

माझं स्पष्ट मत आहे की जानेवारीत संध्याकाळच बरी. पहाटे अंधारात स्टँडकडे, म्हणजे दबा धरून बसायच्या जागेकडे, जाताना शेतात चरणारी हरणं तुम्हीच उठवता आणि मग ती जागा दोन-तीन दिवसांसाठी गेली समजा, चार दिवसांच्या सीझनमध्ये हे परवडत नाही. दुपारी लवकर जाऊन बसा, वारा हरणांच्या बसण्याच्या जागेकडून तुमच्याकडे येत असेल तरच बसा, नाहीतर दुसरी जागा. मोठा बक बहुतेक वेळा शेवटच्या अर्ध्या तासात, माद्या आणि पाडसं शेतात उतरल्यावर सगळ्यात मागून येतो, म्हणून पहिल्या मादीला बघून हालचाल करू नका.

आणि ओहायोत वर्षाला शिंगवाला एकच मारता येतो, धनुष्याने आधी मारला असेल तर विषय संपला. खाजगी जमिनीवर लेखी परवानगी हवी, आणि मझलोडर सीझनलाही केशरी जाकीट लागतंच.

फ्लिंटलॉक घेऊ की इनलाइन? मित्र म्हणतो फ्लिंटलॉकच खरी.

आधी राज्य बघा, मग मित्राचं ऐका. पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून जो सीझन लागतो तो फक्त चकमकीच्या बंदुकीचा, म्हणजे फ्लिंटलॉकचा, तिथे इनलाइन, म्हणजे आधुनिक धाटणीची ठासणीची बंदूक, चालतच नाही. कोलोरॅडोत मझलोडर सीझनला स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, चालत नाही, उघडी साइटच. ओहायो, आयोवा इथे इनलाइन आणि स्कोप दोन्ही चालतं. नवशिक्याला मी इनलाइनच सांगेन, पन्नास कॅलिबर, 209 प्रायमरवाली (प्रायमर म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी). 1985 ला मिझुरीच्या टोनी नाइट यांनी एमके-85 बाजारात आणली आणि तिथून हे इनलाइनचं युग सुरू झालं, प्रायमर थेट दारूच्या मागे बसतो त्यामुळे ओलाव्याचा त्रास बराच कमी. फ्लिंटलॉकमध्ये चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत जो क्षण जातो त्यात नेम हलू न देणं ही वेगळीच साधना आहे, सुंदर आहे, पण ती रेंजवर भरपूर दारू जाळल्यावर येते आणि गोल गोळीने पन्नास-साठ यार्डाच्या पुढे मी तरी कोणाला जा म्हणणार नाही.

भरताना नेमकं काय चुकतं लोकांचं? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी: मझलोडरमध्ये रायफलची धूररहित पावडर कधीही घालायची नाही, ज्या मोजक्या बंदुका खास त्यासाठी बनवल्यात त्या सोडून. नळी फुटते, हात जातात. ब्लॅक पावडर किंवा पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न असले पर्याय, आणि तेही मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच. माप आकारमानाचं असतं, वजनकाट्यावर तेवढेच ग्रेन तोलले तर दारू जास्त पडू शकते.

दुसरं म्हणजे गोळी दारूला पूर्ण टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर तीही धोक्याची. यासाठी एक साधं काम करा, रेंजवर बरोबर भरलेल्या बंदुकीत ठासायचा गज आत असताना नळीच्या तोंडाशी त्याच्यावर मार्करने बारीक रेघ मारा, आणि रिकाम्या नळीची दुसरी रेघ. जंगलात थंडीने बोटं बधिर झालेली असताना भरलंय की नाही, दोनदा भरलं का, गोळी अर्ध्यात अडकली का, सगळं त्या दोन रेघा सांगतात. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा लावा, बर्फ-पाणी आत जात नाही आणि बार टेपमधूनच काढायचा, नेमावर फरक पडत नाही. बार फुसका गेला तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा, उशिराने उडू शकतो. आणि रात्री बंदूक उबदार घरात आणू नका, आत दव धरतं आणि सकाळी दारू ओली, प्रायमर काढून थंड जागी कुलपात ठेवा.

बार काढल्यावर धुराने काहीच दिसत नाही. हरीण लागलं की नाही कसं कळणार?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुसरा बार लगेच नाही, म्हणून पहिला कधी काढायचा नाही हे आधी ठरवा: बक आडवा किंवा थोडा पाठमोरा तिरका उभा असेल तरच, पुढच्या पायाच्या किंचित मागे, फुप्फुसावर. समोर तोंड करून उभा, पळता, झाडोऱ्यात अर्धा, असा असेल तर सोडून द्या. रेंजवर कागदी ताटलीएवढ्या जागेत सगळ्या गोळ्या जिथवर बसतात तेच तुमचं अंतर, पाकिटावर दोनशे यार्ड छापलेलं असलं तरी.

बार झाल्यावर खाली उतरू नका. कान द्या, पळण्याचा आवाज कुठे थांबला, फांद्या मोडल्या का. बक जिथे उभा होता ते झाड आणि शेवटचा दिसला ती जागा मनात पक्की करा, आणि बसल्या जागी पुन्हा भरा. मग निदान अर्धा तास थांबून जागेवर जा. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस लागलंय, बक बहुतेक जवळच पडलेला असतो. गडद लाल असेल तर लिव्हर, तीन-चार तास द्या. हिरवट घाण, आंबूस वास आला तर पोट लागलंय, तिथून पाऊल न वाजवता मागे फिरा आणि आठ-दहा तासांनी या, लगेच मागे लागलात तर तो उठून मैलभर जातो आणि जीव हकनाक तळमळतो. रक्त दिसलं नाही म्हणून "चुकला असेल" म्हणून घरी जाणारे लोक बघितले की मला राग येतो. केस शोधा, पायाचे खोल ठसे बघा, प्रत्येक खुणेवर कागदाचा तुकडा लावत जा, राज्यात परवानगी असेल तर माग काढणारा कुत्रा बोलवा.

मी एच-वन व्हिसावर आहे. बंदूक ठेवता येते का?

फेडरल कायद्याने नॉनइमिग्रंट व्हिसावाल्याला एरवी बंदूक ठेवता येत नाही, पण राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. शिवाय 1968 च्या गन कंट्रोल अॅक्टमध्ये साधी मझलोडर, जिच्यात काडतूस घालता येत नाही, ती अँटिक धरली जाते. पण नळी बदलून काडतुसाची होणारी मॉडेल्स त्यात बसत नाहीत आणि राज्यांचे नियम वेगळे, तेव्हा खरेदीच्या आधी इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

ताई म्हणू की दादा माहीत नाही, पण आमच्या मिस्टरांना हे वेड लागलंय आणि मला सीडब्ल्यूडी रोगाची भीती वाटते. घरात लहान मुलं आहेत. मांस खावं का?

दादाच म्हणा. भीती रास्त आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा आजार, 1967 मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला आणि आता बऱ्याच राज्यांत पसरलाय. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण शिजवून तो नष्ट होत नाही आणि सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, सल्ला आहे की टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ते मांस खाऊ नये. हरीण वरून धडधाकट दिसलं तरी आजार असू शकतो, त्यामुळे नुसतं बघून ठरवू नका. मिस्टरांना सांगा की हातमोजे घालून साफ करा, मेंदू आणि पाठीचा कणा कापायचा नाही, मांस हाडावरून सोडवून घ्या, आणि रोग असलेल्या भागातून डोकं-कणा बाहेर न्यायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे. राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याकडे टेस्टसाठी नमुना द्या. खाटकाकडे देणार असाल तर आपलं हरीण वेगळंच कापायला सांगा, दुसऱ्याच्या खिम्यात मिसळू देऊ नका. पाकिटांवर तारीख आणि टॅग नंबर लिहून फ्रीजरमध्ये बाजूला ठेवा, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्यातलं एकही पाकीट उघडू नका.